शॉर्टवेव्ह ऐकायला सुरुवात करताना: रेडिओ नंतर, आधी घरातला गोंगाट

खाडीपलीकडे (नेरूळ)

शॉर्टवेव्ह (म्हणजे हजारो किलोमीटरवरून येणारी रेडिओ प्रसारणं) ऐकायची आहे, कुठला रेडिओ घेऊ, असं विचारणारे निरोप अधूनमधून येतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो, म्हणजे इथल्या जाणकारांनाही भर घालता येईल. ठाणे-नवी मुंबईत राहणारे डोळ्यांसमोर ठेवले आहेत, कारण आपली अडचण वेगळी आहे. गावाकडे अंगणात बसून साध्या रेडिओवर जे ऐकू येतं ते आपल्याकडे चांगल्या रेडिओवरही येत नाही, आणि बहुतेक वेळा दोष रेडिओचा नसतो.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रेडिओची खरेदी हे शेवटचं काम. आधी घरात विजेचा गोंगाट किती आहे आणि तो कुठून येतो ते शोधा. मग एरियलच्या तारेला जागा बघा. मग कुठला पट्टा (फ्रीक्वेन्सींचा गट) कधी उघडतो ते समजून घ्या. एवढं झालं की कुठलाही बरा रेडिओ तुम्हाला खूश करेल. हा क्रम उलटा झाला की महागडा रेडिओ महिन्याभरात कपाटात जातो, आणि माणूस म्हणतो, "शॉर्टवेव्हवर आता काही उरलं नाही."

गोंगाट शोधायला घरातला कुठलाही जुना, सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर पुरे. शॉर्टवेव्ह नसेल तर मीडियम वेव्हवर करा. स्टेशन नसलेली मोकळी जागा लावा आणि आवाज वाढवा. नुसती हलकी सळसळ आली तर तुम्ही भाग्यवान आहात. घरघर, गुणगुण किंवा ठराविक अंतराने टकटक आली तर ते तुमच्या किंवा शेजारच्या घरातलं एखादं उपकरण आहे. आता घराचा मेन स्विच बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. हे लोक विसरतात आणि मग निष्कर्ष चुकतो. गोंगाट गेला का? गेला असेल तर उपाय तुमच्या हातात आहे. एकेक खटका चालू करत जा आणि कान रेडिओकडे ठेवा. बहुतेक वेळा स्वस्तातला मोबाइल चार्जर, छतातले एलईडी पॅनेल, राउटरचा किंवा पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर यांपैकी कोणीतरी सापडतो. या सगळ्यांच्या पोटात स्विचिंग सप्लाय असतो. तो वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि त्याचा कचरा थेट शॉर्टवेव्हच्या पट्ट्यांत पसरतो. घरातल्या तारांचं जाळं त्याच्यासाठी आयतं एरियल बनतं.

मेन स्विच बंद करूनही गोंगाट तसाच राहिला तर तो बाहेरचा. लिफ्टची मोटर चालवणारा ड्राइव्ह, जिन्यातले दिवे, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, शेजाऱ्यांचा टीव्ही. त्यावर पुढे लिहितो. आधी इतरांचे अनुभव येऊ द्यात.

सातवा_मजला (घोडबंदर रोड)

फार उपयोगी धागा, धन्यवाद. तुम्ही सांगितलंत तसं लगेच करून बघितलं. मेन स्विच बंद केल्यावर गोंगाट निम्म्याने कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. आमचा टॉवर चोवीस मजली आहे, चारी बाजूंना असेच टॉवर. हॉलमध्ये मधोमध रेडिओ ठेवला की काहीच लागत नाही, खिडकीत नेला की दोन-तीन स्टेशनं येतात. हे सिमेंटमुळे होतं का? आणि सोसायटी गच्चीवर काही लावू देत नाही, तर माझ्यासारख्याने करायचं काय?

खाडीपलीकडे (नेरूळ)

सिमेंटपेक्षा त्यातल्या सळ्यांमुळे. आरसीसी इमारत म्हणजे लोखंडाचा पिंजरा, त्यात खिडक्यांना ग्रिल आणि ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग. लहरी आत येताना क्षीण होतात, आणि घरातला गोंगाट मात्र आतच असतो. म्हणून एरियलचा काही भाग तरी पिंजऱ्याबाहेर गेला पाहिजे.

गच्ची नसली तरी चालतं. पाच ते दहा मीटर बारीक इन्सुलेटेड तार घ्या. मोटर वाइंडिंगची तांब्याची तार तर लांबून दिसतही नाही. बाल्कनीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, ग्रिलच्या बाहेरच्या बाजूने, ग्रिलला न चिकटवता ताणा. कपडे वाळत घालायच्या दोरीबरोबर बांधलीत तरी कोणी विचारणार नाही. दुसरं टोक खिडकीतून आत घेऊन रेडिओच्या बाहेरच्या एरियलच्या सॉकेटला जोडा, सॉकेट नसेल तर टेलिस्कोपिक दांड्याला क्लिप लावा. दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. तार विजेच्या कुठल्याही वायरच्या जवळून जाऊ देऊ नका आणि खाली लोंबकळत सोडू नका. आणि पावसाळ्यात, विशेषतः वळवाच्या दिवसांत, ऐकणं झालं की तार रेडिओपासून काढून बाहेर ठेवा. वीज लांब पडली तरी तारेत उठणारा झटका रेडिओचा पहिला ट्रान्झिस्टर जाळायला पुरेसा असतो.

तार लांब केली म्हणजे सगळं सुधारतं असंही नाही. छोट्या रेडिओला लांब तार लावली की तो गुदमरतो, एकाच वेळी चार स्टेशनं एकमेकांत मिसळून ऐकू येतात. मालाडला आकाशवाणीचे मीडियम वेव्हचे जोरदार ट्रान्समीटर आहेत, ते ठाण्यात चांगलेच पोचतात आणि साध्या रेडिओत शॉर्टवेव्हवरही डोकावतात. अशा वेळी रेडिओवरचा 'लोकल-डीएक्स' (जवळचं-लांबचं) खटका लोकलवर करा किंवा तार आखूड करा.

तार_आणि_तारा (खारघर)

एक भर. गोंगाट कुठल्या दिशेने येतो ते कळायला मीडियम वेव्हचा उपयोग होतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये मीडियम वेव्हसाठी फेराइटची कांडी असते. रेडिओ आडवा धरून हळूहळू गोल फिरवा. एका स्थितीत गोंगाट एकदम दबतो. त्या वेळी कांडीचं टोक गोंगाटाच्या उगमाकडे असतं. पुढच्या खोलीत जाऊन पुन्हा तेच करा. दोन दिशा जिथे छेदतात तिथे अपराधी. आमच्या मजल्यावर या पद्धतीने जिन्यातल्या एका एलईडी ट्यूबपर्यंत पोचलो. ट्यूब बदलायला सेक्रेटरींनी लगेच होकार दिला, कारण ती तशीही लुकलुकत होती.

क्लिपचे फेराइट कोअर मिळतात, लॅमिंग्टन रोडला सहज. संशयित अडॅप्टरची वायर त्यातून जमेल तितके वेढे देऊन काढा. वेढे महत्त्वाचे, नुसतं एकदा क्लिप लावून फारसा फरक पडत नाही.

नौपाडाकर

धागा वाचून बरं वाटलं. मी जुन्या काळचा श्रोता. आमच्या घरी मर्फीचा व्हॉल्व्हचा सेट होता. तो तापायला वेळ लागायचा, मग हिरवा डोळा मिटत मिटत यायचा आणि स्टेशन नेमकं लागलं की कळायचं. पट्ट्यावर किलोहर्ट्झ नव्हे, मीटर छापलेले असायचे: ४९, ४१, ३१, २५, १९. आजही तेच पट्टे आहेत, म्हणून नव्यांनी ते लक्षात ठेवावेत. हिशेब सोपा. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर मिळतात. ६ मेगाहर्ट्झ म्हणजे ५० मीटर, १५ मेगाहर्ट्झ म्हणजे २० मीटर.

सिलोनचा उल्लेख केल्याशिवाय मला राहवणार नाही. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या सैनिकांसाठी कोलंबोजवळ जो शक्तिशाली शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर उभा राहिला तोच युद्धानंतर रेडिओ सिलोनच्या हाती आला. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि सगळा देश सिलोनकडे वळला. बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. अमीन सायानी कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करत, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तिथून तोच आवाज शॉर्टवेव्हने परत मुंबईत आमच्या घरात येई. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला आली ती या पार्श्वभूमीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सायानी गेले तेव्हा माझ्या पिढीच्या कितीतरी बुधवारच्या रात्री डोळ्यांपुढून सरकल्या.

आवाज वर-खाली व्हायचा, लाटेसारखा यायचा-जायचा. आम्ही तेव्हा सेटला थापट्या मारायचो. त्यामागचं शास्त्र कोणी समजावून सांगेल का?

तार_आणि_तारा (खारघर)

काका, आनंदाने.

एफएमची लहर सरळ जाते आणि क्षितिजापाशी संपते. शॉर्टवेव्ह वर जाते आणि आयनावरणातून वळून परत जमिनीवर येते. सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या विरळ हवेतले कण विद्युतभारित होतात, त्यांचे थर बनतात. आपल्या कामाचा थर एफ. तो सुमारे अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर असतो आणि रात्रीही टिकतो. एका उडीत लहर जास्तीत जास्त चारेक हजार किलोमीटर जाते, मग जमिनीवरून किंवा समुद्रावरून उसळून पुन्हा वर. कोलंबो इथून दीड हजार किलोमीटर, म्हणजे एकाच उडीचं काम. म्हणून सिलोन इतकं ठणठणीत यायचं.

खालचा थर डी. तो फक्त दिवसा असतो आणि कमी फ्रीक्वेन्सी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरून जातो. त्यामुळे ४९ आणि ४१ मीटर दुपारी सुनसान आणि संध्याकाळी गजबजलेले. उलट रात्री एफ थर पातळ होतो, जास्त फ्रीक्वेन्सीच्या लहरी त्यातून आरपार अवकाशात निघून जातात, म्हणून १६ आणि १३ मीटर दिवसाच बघायचे. १९ आणि २५ मध्ये दोन्ही वेळांना काहीतरी सापडतं.

तुमचा वर-खाली होणारा आवाज असा: एकच लहर दोन-तीन वाटांनी पोचते. कधी त्या एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना पुसून टाकतात. थर सतत हलत असतो, म्हणून हे बदलत राहतं. सेटला थापट्या मारून उपयोग नव्हता, पण थांबलं की आवाज आपोआप परत यायचा.

आणि एक चांगली बातमी. सूर्यावरच्या डागांचं साधारण ११ वर्षांचं चक्र असतं. आताचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये नासा आणि नोआ (अमेरिकेची हवामान आणि सागर संस्था) यांनी ते ऐन भरात आल्याचं जाहीर केलं. डाग जास्त तेव्हा वरचे पट्टे छान उघडतात. ऐकायला लागायचं तर चक्र उतरायच्या आत लागा.

उमेदवार_ऐरोली

एक प्रामाणिक प्रश्न विचारतो, राग मानू नका. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जगातलं कुठलंही स्टेशन मोबाइलवर स्वच्छ ऐकू येतं. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा २०२० च्या जानेवारीअखेर बंद झाली असं वाचलं. डॉइच वेलेने हिंदी २०११ मध्येच बंद केली. मग आता यात ऐकायला नक्की काय उरलंय?

खाडीपलीकडे (नेरूळ)

राग कसला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

बरंच गेलं, हे खरं. रेडिओ नेदरलँड्स आणि रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल २०१२ मध्ये शॉर्टवेव्हवरून गेले, व्हॉइस ऑफ रशिया २०१४ मध्ये, रेडिओ ऑस्ट्रेलिया २०१७ च्या जानेवारीत. प्रत्येक वेळी हळहळ वाटली. पण संध्याकाळी साडेसात-आठला ३१ मीटरवर बसा. चायना रेडिओ इंटरनॅशनल अनेक भाषांत आहे. आखाती आणि इराणी स्टेशनं अरबी-फारसीत आहेत. आफ्रिकेकडे जाणारी धार्मिक प्रसारणं वाटेत आपल्याला ऐकू येतात. बीबीसीची इंग्रजी सेवा काही तास अजून दक्षिण आशियासाठी असते. ओमानमध्ये तिचं रिले केंद्र आहे, ते आपल्यापासून समुद्रापलीकडेच. रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल, व्हॉइस ऑफ टर्की, एनएचके जपान, सोलचं केबीएस ही सगळी आपल्या कानाच्या टप्प्यात येऊ शकतात.

आता मोबाइलवर का नाही. मोबाइलवर तुम्ही स्टेशन निवडता आणि ते वाजतं. इथे तुम्ही एका वेळी, एका जागी, एका तारेने हवेत काय आहे ते शोधता, आणि काल होतं ते आज नसतं. ऐकताना पृथ्वी, सूर्य आणि हवामान यांचा थेट संबंध कानाला कळतो. दिल्लीच्या सकाळीच चीनमध्ये दुपार कशी होते हे नकाशावर शिकलेलं तुम्ही आवाजात ऐकता. शिवाय मध्ये कोणाचा सर्व्हर नाही. केबल तुटली, नेट बंद झालं, कोणी साइट अडवली, तरी लहर येतेच. युद्धात आणि आपत्तीत आजही लोक शॉर्टवेव्हकडे वळतात ते याच कारणाने.

गच्चीवरची (वाशी)

आपल्याच मुंबईतली एक गोष्ट इथे आलीच पाहिजे. ऑगस्ट १९४२ मध्ये, चले जाव चळवळ पेटलेली असताना, उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. पोलिसांना जागा सापडू नये म्हणून ट्रान्समीटर घराघरांतून हलवत राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये त्या गिरगावात पकडल्या गेल्या. पुढे तुरुंगवास, १९९८ मध्ये पद्मविभूषण.

ते प्रसारण ४२.३४ मीटरवर होतं. नौपाडाकर काकांचा हिशेब लावा: ३०० भागिले ४२.३४ म्हणजे सुमारे ७.०९ मेगाहर्ट्झ. ही जागा आज कुठे आहे? हौशी रेडिओवाल्यांच्या ४० मीटर पट्ट्यात, जो ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. रविवारी सकाळी त्याच जागी भारतभरातले हॅम, म्हणजे हे हौशी रेडिओवाले, एकमेकांशी गप्पा मारताना ऐकू येतात. मला ते दर वेळी आठवतं आणि अंगावर काटा येतो.

उमेदवार, तुला हॅम ऐकायचे असतील तर रेडिओत एसएसबी (सिंगल साइडबँड, हॅम बोलायला वापरतात ती पद्धत) हवं. नाहीतर बदकासारखा अगम्य आवाज येतो. १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (खालचा साइडबँड), वर यूएसबी (वरचा साइडबँड), असा सर्वसाधारण रिवाज आहे.

उमेदवार_ऐरोली

ताई, हे माहीतच नव्हतं! आता ऐकणारच. एसएसबीवाला कुठला रेडिओ घेऊ? आणि ऐकायला परवाना लागतो का?

गच्चीवरची (वाशी)

प्रसारणं ऐकायला परवाना लागत नाही. पूर्वी रेडिओ सेटसाठी पोस्टात लायसन्स काढावं लागे, ते १९८० च्या दशकात रद्द झालं. बोलायचं असेल, म्हणजे ट्रान्समिट करायचं असेल, तर मात्र दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. त्याचे दोन दर्जे आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. तुझं इंजिनीअरिंग चालू आहे, तुला अवघड जाणार नाही. पण आधी वर्षभर ऐक. ऐकून कान तयार झालेला माणूस पुढे चांगला बोलतो.

रेडिओ: टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८. दोन्हीत एसएसबी आहे, दोन्ही हातात मावतात, दोन्हींना बाहेरची तार जोडता येते. पीएल-६६० थोडा मोठा, पण त्यातल्या सिंक्रोनस डिटेक्टरने आवाज वर-खाली होताना बिघडण्याचं प्रमाण कमी होतं. जुना सोनी आयसीएफ-एसडब्ल्यू ७६०० जीआर चांगल्या स्थितीत मिळाला तर डोळे मिटून घे, पण सेलचे स्प्रिंग गंजलेले नाहीत ना ते बघून घे. "१२ बँड" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेले काटेवाले स्वस्त सेट टाळ. काटा केसभर हलला तरी स्टेशन निसटतं आणि नेमकी फ्रीक्वेन्सी कळत नाही. सुरुवातीला आकडे दिसणं फार महत्त्वाचं आहे.

सातवा_मजला (घोडबंदर रोड)

कॉम्प्युटरला लावायच्या एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) डोंगलबद्दल कोणी लिहील का? स्वस्त पडतं असं ऐकलं.

तार_आणि_तारा (खारघर)

स्वस्त पडतं आणि पडद्यावर अख्खा पट्टा धबधब्यासारखा वाहताना दिसतो. स्टेशन कुठे आहे, गोंगाट कुठे आहे, हे डोळ्यांना कळतं. गोंगाट ओळखायला तर याच्यासारखं दुसरं साधन नाही. आरटीएल-एसडीआर व्ही-३ मध्ये शॉर्टवेव्हसाठी डायरेक्ट सॅम्पलिंगची सोय आहे, व्ही-४ मध्ये अपकन्व्हर्टर (कमी फ्रीक्वेन्सी वर नेणारा भाग) आतच बसवलेला आहे. पण आपल्या भागात मीडियम वेव्हच्या माऱ्याने ही डोंगलं लगेच बहिरी होतात, म्हणून मीडियम वेव्ह अडवणारा फिल्टर मधे लावावा. आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवा. त्याचा चार्जर स्वतःच गोंगाट करतो.

पण विकत काही घेण्याआधी फुकटचं एक काम करा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (नेटवरून चालवता येणारा रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडा. जगभरात तसेच किवीएसडीआरही आहेत. दोन-चार संध्याकाळी त्यांवर फिरा. एएम कसं वाजतं, एसएसबी कसं लावायचं, टाइम सिग्नल, मोर्स, फॅक्स, रडारचा करवती आवाज, सगळं कानाला कळेल. मग घरच्या रेडिओवर काहीतरी विचित्र आलं तर ते हवेतलं आहे की शेजाऱ्यांच्या टीव्हीतलं, हे चटकन ओळखता येईल.

नौपाडाकर

वेळापत्रकाचं सांगा कोणीतरी. पूर्वी स्टेशनं पोस्टाने छापील वेळापत्रक पाठवायची, रंगीत कॅलेंडरंही यायची.

खाडीपलीकडे (नेरूळ)

वेळापत्रकं सगळी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. १५०० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. भिंतीवर एक जुनं घड्याळ यूटीसीला लावून ठेवा, रोजची आकडेमोड वाचते. वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बरीच स्टेशनं फ्रीक्वेन्सी बदलतात. मार्चपासून ए आणि ऑक्टोबरपासून बी हंगाम. म्हणून गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका. ईआयबीआय नावाची यादी नेटवर फुकट मिळते, फ्रीक्वेन्सीवार आणि वेळेवार. ती मोबाइलमध्ये उतरवून ठेवली की झालं. एक लक्षात असू द्या: यादीत स्टेशनचा देश आणि ट्रान्समीटरची जागा वेगवेगळी असते. आवाज एका देशाचा आणि लहर भलत्याच खंडातून निघालेली, असं सर्रास होतं.

पहिल्या दिवशी काय लावायचं? १०००० किलोहर्ट्झ. तिथे चीनच्या बीपीएम या प्रमाणवेळ केंद्राचे सेकंदा-सेकंदाचे टिकटिक ठोके येतात. ५००० आणि १५००० वरही. तुमचा रेडिओ, तार आणि वेळ ठीक आहे की नाही याची ही रोजची परीक्षा समजा. टिकटिक स्पष्ट आली तर पट्टा उघडा आहे. एसएसबी असेल तर ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ यूएसबीवर दर तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाला मुंबईचं व्होल्मेट लावा. विमानांसाठीचं हवामान इंग्रजीत वाचून दाखवतात. आपल्याच डोक्यावरचं आभाळ शॉर्टवेव्हवर ऐकायला मजा येते.

सातवा_मजला (घोडबंदर रोड)

टिकटिक आली! बाल्कनीच्या बाहेरून आठेक मीटर तार टाकली, राउटर बंद केला आणि १०००० लावलं. रात्री साडेनऊला स्पष्ट. मुलगी येऊन म्हणाली, बाबा, हे घड्याळ कुठे आहे? चीनमध्ये, असं सांगितल्यावर तिने नकाशा आणला. आता घरात यूटीसीचं घड्याळ कुठे टांगायचं यावर चर्चा चालू आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

पण लिफ्ट चालली की अजून खरखर येते. त्याला काही उपाय?

तार_आणि_तारा (खारघर)

लिफ्टच्या ड्राइव्हला चांगला फिल्टर लावायला देखभालवाल्यांना सांगता येतं, पण सोसायटी कितपत ऐकेल ते तुम्हालाच माहीत. आपल्या हातात आहे ते एवढंच: लूप एरियल. साधारण मीटरभर व्यासाचं वायरचं किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीचं कडं, त्याला छोटा ॲम्प्लिफायर. एमएलए-३० नावाचं तयार मिळतं. लूप फिरवता येतो, आणि ज्या बाजूने लिफ्टची खरखर येते तिकडे त्याची बहिरी बाजू करता येते. टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी लांब तारेपेक्षा हा पर्याय जास्त वेळा यशस्वी होतो. फक्त त्याला वीज यूएसबी चार्जरने नको, पॉवर बँकेने द्या.

आणि महिन्यातून एखाद्या सुट्टीला रेडिओ घेऊन घराबाहेर पडा. वाशीच्या सागर विहारला खाडीकाठी, खारघरच्या टेकडीच्या पायथ्याशी किंवा येऊरला. येऊरला मात्र दिवसाउजेडीच जा, जंगल आहे आणि बिबटे आहेत. उच्चदाबाच्या तारा जिथून जातात तिथून दूर बसा. झाडाच्या फांदीवरून तार टाका, सेलवर रेडिओ चालवा आणि घरी जे लागतं त्याच फ्रीक्वेन्सी एकेक करून लावा. तिथे किती जास्त ऐकू येतं हे एकदा कानाने अनुभवलं की घरातला गोंगाट नेमका किती आहे ते कळतं, आणि तो कमी करायचा हुरूप येतो.

गच्चीवरची (वाशी)

पुढच्या महिन्यात सागर विहारला एखाद्या रविवारी सकाळी भेटूया का? सहा ते आठ. सूर्योदयाच्या वेळी अंधार-उजेडाच्या सीमेवर काही मिनिटं लांबची स्टेशनं एकदम वर येतात, ते एकत्र ऐकता येईल. ज्यांच्याकडे रेडिओ नाही त्यांनीही या, माझे दोन आहेत.

नौपाडाकर

मी येतो. मर्फी उचलून आणता येणार नाही, पण जुनी क्यूएसएल कार्डं (ऐकल्याची पोच म्हणून स्टेशनं पाठवतात ती) आणतो. उमेदवार, तू नक्की ये. स्टेशनला पत्र कसं लिहायचं ते दाखवतो.

उमेदवार_ऐरोली

नक्की येतो काका. पण पहिलं पत्र त्याआधीच लिहायचं आहे! काल रात्री रेडिओ रोमानिया इंटरनॅशनल लागलं, मित्राच्या डी-८०८ वर, गच्चीत. पत्रात काय काय लिहू?

नौपाडाकर

शाब्बास! तारीख आणि वेळ यूटीसीत, फ्रीक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये. मग सिन्पो: सिग्नलचा जोर, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, गोंगाट, लहरीची स्थिरता आणि एकूण दर्जा, प्रत्येकाला १ ते ५ गुण, ५ सगळ्यात चांगलं. उदार होऊन सगळीकडे ५ देऊ नकोस, त्यांना खरी स्थिती हवी असते. निदान वीस-पंचवीस मिनिटं ऐकून काय काय झालं ते मिनिटागणिक लिही: निवेदक स्त्री की पुरुष, कुठली बातमी, कुठलं गाणं. कार्यक्रम खरोखर ऐकला याचा पुरावा तोच. रेडिओचं नाव, एरियल काय होतं, ऐकण्याची जागा ऐरोली, नवी मुंबई. कार्यक्रम आवडला की नाही हेही मोकळेपणाने लिही, आणि शेवटी क्यूएसएल कार्डाची विनंती. आता ई-मेलने पाठवता येतं. टपालाचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट द्यायला मात्र विसरू नकोस, नाहीतर कार्ड पाठवणार कुठे?

उमेदवार_ऐरोली

वीस मिनिटांची टिपणं नाहीत, फक्त दहा मिनिटांची आहेत. आज त्याच वेळेला पुन्हा लावतो आणि वही घेऊन बसतो.

खाडीपलीकडे (नेरूळ)

आज लागलं नाही तर शेजारचे पट्टे बघ. एकच कार्यक्रम बहुतेक वेळा दोन फ्रीक्वेन्सींवर असतो, यादीत दोन्ही सापडतील. आणि गच्चीतल्या पाण्याच्या पंपाचं पॅनेल जिथे आहे तिथून लांबच्या कोपऱ्यात बस.